मधले दिवस

विषय : फिरतीच्या कामातून मुक्त करून कार्यालयात बसून करावयाचे काम मिळणेबाबत.
अर्जदार : विल्फ्रेदो तनांता, फिरते निरीक्षक, नदी-मापन कार्यालय, इकितोस.
संदर्भ : अर्जदाराचा दि. ३ ऑक्टोबरचा अर्ज.
अर्जात दिलेले कारण : घरी मासे आहेत.

वरील विषयाबाबत थोडी हकीकत नोंदवून ठेवणं भाग आहे. कारणाच्या रकान्यात अर्जदाराने तीनच शब्द लिहिले आणि ते वाचून कार्यालय दोन दिवस हसत होतं. हसून झाल्यावर अर्ज फायलीत गेला. अर्जात जे लिहिलं नव्हतं, ते असं.

१

तनांताचं काम नदी मोजण्याचं. काठावरच्या गावागावांत पाण्यात पट्ट्या रोवलेल्या असतात, पांढऱ्या मुलाम्याच्या, वर काळे आकडे. गावातला नेमलेला मोजणीदार रोज सकाळी काठावर जातो आणि पाणी कुठवर आलं ते वहीत लिहितो. निदान कार्यालयाची तशी समजूत असते. तनांता महिन्यातले बावीस दिवस लाँचवर झुला टांगून गावोगाव फिरे, पट्ट्या सरळ उभ्या आहेत का ते पाही, वह्या तपासून सह्या करी आणि आठ दिवसांसाठी घरी येई. एकोणतीस वर्षं हेच चाललं होतं.

मोजणीदार झाला तरी माणूसच. मेव्हणीचं लग्न निघतं, ताप येतो, कधी नुसता कंटाळा येतो. वहीत चार-पाच दिवस कोरे राहतात. कोरी जागा कार्यालयाला चालत नाही. मग तनांता आणि मोजणीदार पायरीवर बसून मधले दिवस भरत. सोमवारचा खरा आकडा घ्यायचा, शनिवारचा खरा आकडा घ्यायचा आणि मधला फरक रोजच्या रोज सारखा वाटून टाकायचा. हे नियमात बसत नाही. पण ज्यांनी नियम केले तेही कधीकाळी त्याच पायरीवर बसलेले होते.

तनांताचा हात त्यात इतका बसला होता, की आपण भरतो आहोत हे त्याचं त्याला कळत नसे. मात्र दुसऱ्याने भरलेले दिवस तो एका नजरेत ओळखी. भरलेले आकडे फार सरळ असतात. खरी नदी इतकी शहाण्यासारखी कधीच वागत नाही.

२

मासे सोराइदाचे. सोराइदा म्हणजे त्याची बायको. शोभेचे मासे परदेशी पाठवणाऱ्या एका गोदामात ती निवडीच्या टेबलावर होती. पाठीला बाक असलेले, पर तुटलेले, एका डोळ्याचे मासे बाजूला काढायचे, हे तिचं काम. बाजूला काढलेल्यांतले काही ती पिशवीतून घरी आणी. त्यामुळे घरातल्या टाकीत सगळी नापासांची जमात भरलेली होती. अर्ध्या पराचा एक एंजलफिश, प्रत्येकात काहीतरी खोट असलेले आठ टेट्रा आणि तळाची वाळू उकरणारे तीन मिशाळ मासे. त्यातला एक आंधळा.

"आपल्या घरात शोभून दिसतात," ती म्हणे.

रोज दुपारी साडेचारला ती टाकीपाशी खुर्ची ओढून बसे, डाव्या कोपऱ्यावर दोन बोटं चोळून चिमूटभर खाणं सोडी. पुढची काच पुसे, तीही फक्त तोंडापुरती गोल. "मागून कोण बघायला येतंय?" हा तिचा युक्तिवाद.

हृदयाचं दुखणं लागल्यावर गोदाम सुटलं.

"एक अर्ज दे ना रे," ती एकदा म्हणाली. "टेबलावरचं काम माग. मी काही फार मागत नाहीये. संध्याकाळी घरात एक माणूस असावं, बस्स."

"देतो की."

"कधी?"

"ही फेरी होऊ दे."

अर्ज लिहिलेला होता. तीन वर्षं खणात होता. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये सोराइदा गेली तेव्हा तनांता मारान्योन नदीवर होता. एका गावच्या रेडिओवरून त्याला निरोप मिळाला तो आठव्या दिवशी. तो घरी पोचला तोवर सगळं उरकलं होतं आणि मासे जिवंत होते.

टाकी देऊन टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. त्याने दिली नाही. उलट, तिला कुणाचीच गरज लागू नये अशी तिची व्यवस्था लावली. तळाला मातीचा जाड थर, वर वाळू, त्यात गच्च झाडं. शेवाळ खायला गोगलगायी. चारला आपोआप लागणारा आणि नऊला आपोआप विझणारा दिवा. खाणं मुळीच नाही. मासा उपासाने सहसा मरत नाही, लाडाने मरतो, हे सोराइदाचंच वाक्य. झाडांतले बारीक किडे त्यांना बावीस दिवस पुरत.

उडून जाई ते फक्त पाणी. म्हणून त्याने एका मोडक्या पट्टीचा हातभर तुकडा काचेला आतून चिकटवला. निघताना पाणी २६.० वर. परत येताना २१ च्या आसपास, कधी २१.३, कधी २०.८. वहीत लिहायचं, पाणी भरायचं. सतरा महिने यात खंड पडला नाही आणि एकही मासा दगावला नाही.

तांदळाचं पोतं, औषधांची डबी आणि बावीस दिवस. बायकोलाही आपण असंच ठेवलं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण त्या बाबतीत वही ठेवलेली नव्हती.

३

ऑगस्टच्या शेवटी तो नापो नदीवरून परत आला. पिशवी ठेवली, सवयीने टाकीपाशी वाकला. पाणी २६.० वर होतं.

त्याने डोळे पट्टीच्या समपातळीत आणून पुन्हा पाहिलं. वरून तिरकं पाहिलं की आकडा चुकतो, हे तो गावोगाव शिकवत आला होता. आकडा चुकला नव्हता.

छप्पर गळलं असेल म्हणून स्टुलावर चढून त्याने पत्र्याखालची फळी चाचपली. ती सुकी होती. टाकीवरच्या जाळीवर धूळ होती, तीवर थेंबाचा डाग नव्हता. हवा दमट असेल तर पाणी कमी उडतं, हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. निघताना आपण जास्त भरलं असेल असं त्याने ठरवलं आणि वहीत २६.० लिहिलं. असा आकडा एखाद्या मोजणीदाराने दाखवला असता, तर तनांता हसून म्हणाला असता, "बाबा रे, खरं सांग, गेलाच नव्हतास ना काठावर?"

सप्टेंबरच्या फेरीहून आला तेव्हा पुन्हा २६.०. पुढच्या काचेवरचं शेवाळ पुसलेलं होतं. सगळीकडचं नाही. तोंडापुरतं, गोल.

तो बराच वेळ त्या गोलासमोर उभा राहिला. त्यात त्याचंच तोंड दिसत होतं. गोगलगायी काच साफ करतात हे सगळ्यांना माहीत आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. गोलात कशा करतील, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

४

समोरच्या घरातली एर्मेलिंदाबाई दारात शेगडी मांडून भाजकी केळी विकी. वय सत्तरीपुढचं, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"आलास का बाहेर? म्हटलं, या वेळी तोंडही दाखवत नाहीस की काय," ती म्हणाली.

"आजच तर उतरलो, मावशी."

"हो तर! आजच उतरलास." तिने केळं उलटवलं. "लाँचच्या नावाने घरात लोळायचं आणि वर मलाच शिकवायचं. लोळ बाबा. एकोणतीस वर्षं राबलास. मी कुणाला सांगायला जाणार आहे?"

"अहो, नापोवर होतो मी."

"आणि साडेचारला खिडकीत कोण असतं? तुझा आजा? रोज बघते मी. बनियन घालून उभा असतोस माशांपाशी. हाक मारली तर मान वळवत नाहीस. सोराइदाची सवय लागली तुला."

तनांता हसला. हसणं त्याला महागात पडलं, कारण एर्मेलिंदाबाईने तो कबुलीजबाब धरला आणि पुढे त्याचं काही ऐकलं नाही.

"तिची कसली सवय?" त्याने विचारलं.

"तीही तशीच करायची, शेवटी शेवटी. मंगळवारी माझ्याकडून केळी घेऊन गेली. बुधवारी साडेचारला खिडकीत बसलेली दिसली, मी हात केला, बघितलं नाही. गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. म्हटलं, रुसली असेल. दिसत होती म्हणून तर मी दार वाजवलं नाही."

"शुक्रवारी दिसली?"

"या डोळ्यांनी. शनिवारी वारा फिरला, तुमच्या घराकडून यायला लागला, तेव्हा कळलं. आणि तो डॉक्टर म्हणतो मंगळवारीच गेली! त्याला काय कळतंय? मंगळवारी गेलेली बाई शुक्रवारी माशांना खायला घालते होय?"

तनांता केळं हातात धरून उभा राहिला. ते निवलं तरी त्याने खाल्लं नाही.

मंगळवार आणि शनिवार, ही दोन खरी मोजमापं. दोन्हींना साक्षीदार होते. मधले तीन दिवस कुणीतरी भरून काढले होते.

५

३ ऑक्टोबरला त्याने खणातला अर्ज काढला, तारीख बदलली, कारण बदललं आणि कार्यालयप्रमुख बार्रान्तेससाहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी वाचला. "तनांता, हे काय? घरी मासे आहेत? माझ्या घरी सासू आहे, मी कधी अर्ज केला?"

"मासे तसे अडून नाहीत, साहेब."

"मग?"

काय सांगावं याचा तनांताने विचार केला. शेवटी त्याने जमेल तितकं खरं सांगितलं. "इथे टेबलावर बसणारा माणूस नाही आला, तर सकाळी नऊला कळतं. सव्वानऊला त्याच्या नावापुढे तांबडी रेघ पडते. दहा वाजता शिपाई घरी जाऊन दार वाजवतो. फिरतीवरचा माणूस नाहीसा झाला तर बावीस दिवस कुणाला पत्ता लागत नाही. मला ती तांबडी रेघ हवी आहे, साहेब."

साहेब हसायचे थांबले. मग पुन्हा हसले, कारण नोकरीत तांबडी रेघ मागणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. "अर्ज वर पाठवतो. तोवर ऑक्टोबरची फेरी कर. नोव्हेंबरची बघू."

६

ऑक्टोबरची परतीची लाँच उतरत्या पाण्याच्या ओढीने एक दिवस आधी पोचली. तनांता धक्क्यावरून तीनचाकीने आला आणि गल्लीच्या तोंडाशी उतरला. ऊन होतं. साडेचार वाजत होते. एर्मेलिंदाबाईची शेगडी दारात धुमसत होती, ती कोळसे आणायला आत गेली असावी.

त्याच्या घराच्या खिडकीत टाकीचा दिवा लागलेला होता. त्यात नवल नव्हतं. चारला लागतोच.

दिव्यासमोर पाठमोरा कुणीतरी उभा होता. मान किंचित पुढे, एक हात टाकीवर, दोन बोटं एकमेकांवर चोळली जात होती. सावकाश. पाठीवर बनियन होतं. स्वतःची पाठ माणूस कधी पाहत नाही, त्यामुळे ओळखायला तनांताला वेळ लागला. ओळख पटली ती डाव्या खांद्याखालच्या शिवणीवरून. तिथे फाटलं होतं आणि घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून सोराइदाने निळा वापरला होता.

ते बनियन त्याच्या हातातल्या पिशवीत होतं. सकाळीच लाँचवर धुवून, पिळून, सर्वांत वर ठेवलेलं. त्याने पिशवीत हात घातला. बोटांना ओलसर कापड लागलं, शिवण लागली. मान वर केली तेव्हा खिडकीत टाकी होती, दिवा होता, बाकी कुणी नव्हतं.

दाराला बाहेरून त्याचंच कुलूप होतं. आत खुर्ची टाकीपाशी ओढलेली होती. पाणी २६.० वर, पण हलत होतं. सगळे मासे डाव्या कोपऱ्यात वर तोंड करून गोळा झाले होते, आंधळासुद्धा. तनांताने उजव्या कोपऱ्यात बोट बुडवलं. एकही आला नाही. त्यांना त्याच्याकडून काही अपेक्षा नव्हती.

टाकीची वही टेबलावर उघडी होती. गेले एकवीस दिवस तीत भरलेले होते. रोज एक ओळ, रोज २६.०. अक्षर तनांताचं.

तो खुर्चीवर न बसता, उभ्यानेच वही पाहत राहिला. निघण्याआधी आपणच पुढचे दिवस भरून ठेवले असतील, असं त्याच्या मनात आलं. तसं असणं शक्य होतं. एकोणतीस वर्षांत किती वह्यांत किती दिवस असे भरले, त्याचा हिशोब नव्हता, आणि त्यातला एकही भरल्याचं त्याला आता आठवत नव्हतं. तेव्हा आठवत नाही म्हणून केलं नाही, असं त्याला म्हणता येईना. दुसऱ्या कुणाची वही असती, तर त्याने शपथेवर सांगितलं असतं की हे आकडे खोटे आहेत. पाण्याकडे पाहिलं तर ते खरे होते.

७

दुसऱ्या दिवशी तो एर्मेलिंदाबाईपुढे पायरीवर बसला.

"मावशी, एक वचन द्या."

"लग्न करणार नाही मी तुझ्याशी."

"ऐका हो. मी खिडकीत दिसलो, तरी दार वाजवायचं. रोज. मी आतून ओ दिली तरच परत फिरायचं."

"दिसतोयस तर वाजवायचं कशाला?"

"दिसतोय म्हणूनच."

एर्मेलिंदाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याने दाढी केली नव्हती. "तू खातोस का काही? माशांसारखा राहायला लागलास. हे घे, केळं खा."

"वचन द्या आधी."

"दिलं, दिलं. माझे गुडघे नेतील तितकं. घे आता."

त्याने खाल्लं. मग म्हणाला, "सोराइदा तीन दिवस खिडकीत दिसली. चौथ्या दिवशी तुम्ही आत गेलात तेव्हा ती कुठे होती?"

"खुर्चीवर. टाकीपुढे."

"आणि पाणी?"

"काठोकाठ. मासे अगदी टुणटुणीत. मला तेच नवल वाटलं बघ. मालकीण गेली आणि त्यांना पत्ता नाही."

तनांता उठला. रस्ता ओलांडून घरात गेला. जाताना दार त्याने नुसतं लोटलं, कुलूप लावलं नाही. एर्मेलिंदाबाईला सोपं जावं, म्हणून असेल.

८

सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे.

अर्जावर निर्णय न झाल्याने अर्जदारास नोव्हेंबरच्या फेरीचा आदेश देण्यात आला. दि. २० नोव्हेंबरच्या लाँचच्या यादीत त्यांचे नाव आहे. परंतु ही यादी आदल्या दिवशी तयार होते, त्यामुळे अर्जदार प्रत्यक्ष चढले किंवा कसे, हे तीवरून सांगता येत नाही. गावोगावच्या वह्या वेळेवर आल्या आहेत. त्यांत एकही दिवस कोरा नाही. निरीक्षकाच्या सह्याही आहेत; मात्र मोजणीदारांपैकी कुणालाच निरीक्षक येऊन गेल्याचे नक्की आठवत नाही. सही राहिली असेल म्हणून ती आपणच केली, असे एकाने कळवले आहे.

अर्जदार दि. १२ डिसेंबरला परत येणे अपेक्षित होते. ते कार्यालयात हजर झाले नाहीत. ते फिरतीवर असल्याची नोंद असल्याने हजेरीपटावर तांबडी रेघ मारता आली नाही.

दि. १७ रोजी दुपारी शिपाई रेमिहिओ यास घरी पाठवण्यात आले. समोर राहणाऱ्या वयस्कर बाईंनी प्रथम अर्जदार फिरतीवर असल्याचे सांगितले व डोळा मिचकावला. पुन्हा विचारले असता ते घरीच आहेत, रोज साडेचारला माशांना खायला घालताना दिसतात, परंतु हाकेला ओ देत नाहीत, असे सांगितले. रोज दार वाजवण्याचे आपण कबूल केले होते, परंतु पाऊस सुरू झाल्यापासून गुडघे फार धरले आहेत आणि माणूस डोळ्यांना दिसत असताना रस्ता ओलांडण्यात अर्थ नाही, असेही त्या म्हणाल्या. शिपायाने थांबून स्वतः खात्री केली. साडेचार वाजता खिडकीत दिवा होता व दिव्यापुढे बनियन घातलेले गृहस्थ पाठमोरे दिसले. सबब दार वाजवण्याची आवश्यकता भासली नाही.

काचेवरची पट्टी रस्त्यावरूनही वाचता येते, पाणी २६ वर आहे, असे शिपायाने विचारले नसताना सांगितले.

बाईंची शेगडी अद्याप दारातच आहे. सध्या वारा नदीकडून आहे.

अर्ज विचाराधीन आहे.